नाजूक अक्षर कुठे शोभतं

मराठी लग्नपत्रिकेत एक ओळ हमखास वेगळ्या अक्षरात असते. वर गणपती, कुलदेवतेचं नाव, मग 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', वधूवरांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, 'आपले नम्र'च्या खाली वडीलधारी मंडळी, आणि सगळ्यात शेवटी एखाद्या कोपऱ्यात घरातल्या पोरांची किलबिल: 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ बारीक, जराशी कलती, हाताने लिहिल्यासारखी छापायची रीत आहे. पत्रिका जुळवणारा अक्षरकलेचा अभ्यासक नसतो, तरी त्याची ही निवड अचूक असते. बाकीची पत्रिका घराण्याच्या वतीने बोलते. ही ओळ मात्र एक माणूस दुसऱ्या माणसाला म्हणतो. नाजूक हस्ताक्षरी फॉन्टची खरी जागा तिथे आहे, जिथे कुणीतरी कुणालातरी आपल्या तोंडाने काही सांगत असतं.

इथे बंगळुरूत पत्रिका म्हटली की पावलं सुलतानपेठ, चिकपेठ, अव्हेन्यू रोड या बाजूला वळतात. या पेठांत पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत. कानडी, तेलुगू, तमिळ, मारवाडी, मराठी, सगळ्यांच्या पत्रिका तिथे होतात आणि हल्ली सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: सोनेरी, केसाएवढ्या बारीक रेषेचं, वळणावळणांचं 'स्क्रिप्ट' अक्षर. इंग्रजीत ते सहज मिळतं. मराठीत मागितलं की अडचण सुरू होते. एकतर दुकानात तसा फॉन्ट नसतो, किंवा असतो त्यात अक्षरं इंग्रजीच्या वळणावर ओढूनताणून बसवलेली असतात. असं का होतं, याचं उत्तर लेखणीत आहे.

इंग्रजी स्क्रिप्ट अक्षराचं मूळ टोकदार, लवचीक टाकात आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लेखन शिकवणारे व्यावसायिक गुरू होते. त्यांच्या लिहिण्याचे नमुने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात, म्हणून त्या वळणाला 'कॉपरप्लेट' हे नाव चिकटलं. जॉर्ज बिकमने कोरलेला 'द युनिव्हर्सल पेनमन' हा ग्रंथ १७३३ ते १७४१ या काळात भागाभागांनी निघाला, तो या कलेचा मोठा संग्रह. हा टाक खाली ओढताना दाबला की त्याची दोन टोकं फाकतात आणि रेघ जाड होते. वर नेताना हात हलका सोडला की केसासारखी रेघ उमटते. म्हणजे जाडबारीकपणा दाबावर ठरतो. शिवाय अक्षर संपताना जी बारीक शेपटी वर जाते ती पुढच्या अक्षराला पायाशी जाऊन मिळते. इंग्रजी शब्दाची अक्षरं खालून बांधलेली असतात.

धातूच्या खिळ्यांत हे वळण पकडणं जिकिरीचं होतं. अक्षर कलतं असल्याने त्याची टोकं खिळ्याच्या चौकोनाबाहेर लोंबत आणि छापताना मोडत. फोटोटाइपसेटिंग आल्यावर धातूचं हे बंधन सुटलं. १९६६ च्या सुमारास मॅथ्यू कार्टरने जुन्या इंग्लिश लेखनगुरू चार्ल्स स्नेलच्या वळणावरून 'स्नेल राउंडहँड' तयार केला, त्यात प्रत्येक अक्षर शेजारच्याला बिनजोड मिळतं. पुढे संगणकाच्या काळात हर्मान झाफचा 'झाफिनो' १९९८ मध्ये आला. त्याने एकाच अक्षराची अनेक रूपं दिली, आणि पुढच्या आवृत्त्यांत शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलण्याची सोय झाली. आज जगभर जे शेकडो नाजूक स्क्रिप्ट फॉन्ट दिसतात ते या दोन वाटांवरचे आहेत.

देवनागरीचा जन्म दुसऱ्याच लेखणीतून, बोरूतून, झाला. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. तो दाबून रेघ जाड होत नाही. हात कोणत्या दिशेला जातो त्यावर जाडी ठरते. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ बारीक आणि दंड भरदार, हे बोरूचं देणं आहे. आणि देवनागरीचे शब्द पायाशी जुळत नाहीत, डोक्याशी जुळतात. शिरोरेषा हीच आपली जोडणी. म्हणून इंग्रजी पद्धतीने 'म'च्या दंडाच्या तळातून शेपटी काढून ती पुढच्या अक्षराला भिडवली की वाचणारा अडखळतो. डोळ्याला ती शेपटी उकारासारखी किंवा हलन्तासारखी भासते. 'मन' लिहिलेलं असताना क्षणभर 'मुन' वाचलं जातं. मराठीत अक्षराच्या खालची जागा रिकामी नाही. तिथे ऱ्हस्व-दीर्घ उकार, ऋकार, पायमोडकं चिन्ह, 'क्र' आणि 'ट्र'चा रकार राहतात. वरच्या जागेत वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार. फुलोरा करायला मोकळी जागा उरते ती शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटाला.

त्यामुळे नाजूक मराठी फॉन्ट घडवणाऱ्यासमोर पहिला प्रश्न शिरोरेषेचा असतो. ती अखंड, सरळ ठेवली तर अक्षर शिस्तीचं राहतं, पण हाताचा भास कमी होतो, कारण भराभर लिहिताना कुणीच पट्टीने आखल्यासारखी रेघ मारत नाही. ती पूर्ण काढून टाकली तर लिहिण्याचा वेग दिसतो. आपल्यापैकी कित्येकजण घाईत शिरोरेषेशिवायच लिहितात. पण मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांचे डोक्याकडचे फरक फार जपावे लागतात. तिसरी वाट मला सर्वांत पटते: प्रत्येक अक्षराला आपापली छोटी, किंचित चढती रेघ द्यायची आणि त्या रेघा एकमेकींना कुठे भिडतील, कुठे थोडं अंतर राखतील असं करायचं. माणूस शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ एका दमात मारतो, ती मध्येच लहरते, शेवटच्या अक्षराच्या पुढे थोडी सरकते. तो पुढे सरकलेला तुकडा म्हणजे खरं हस्ताक्षर.

मराठीत नाजूक, धावतं, एकात एक गुंफलेलं अक्षर नव्हतंच असं मात्र कुणी समजू नये. होतं, आणि शतकानुशतकं होतं. मोडी. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. बोरू शक्यतो उचलायचा नाही हा तिचा प्राण. म्हणून देवनागरीत वरून खाली येणारा काना मोडीत बहुतेक वेळा खालून वर चढतो आणि पुढच्या अक्षराला जाऊन मिळतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत बसायचं नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, सगळं वेगासाठी. जाणकार तिच्यात यादवकालीन, बहामनी, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे टप्पे मानतात, आणि पेशवाईतल्या वळणांना चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी नावं आहेत. चांगलं पेशवेकालीन पत्र हातात धरलं तर ओळी सारख्या अंतरावर, अक्षरं उजवीकडे झुकलेली, आणि सगळ्या पानाला एकच लय. नाजूकपणा म्हणजे काय ते तिथे दिसतं. पुढे इंग्रजी अमदानीत बोरू जाऊन टाक आला आणि मोडीची रेघ आणखी बारीक, आणखी घाईची झाली.

या लिपीचा बंगळुरूशी संबंध दूरचा नाही. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने इथल्या केंपेगौडाकडून हे ठाणं विजापूरकरांसाठी घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे जुन्या म्हैसूर संस्थानाच्या कारभारातही कानडीच्या जोडीने मराठी दीर्घकाळ वावरली, आणि कारभारातली मराठी म्हणजे मोडीच. आज इथल्या मराठी घरात मोडी वाचणारं कुणी क्वचितच असेल, पण या गावाच्या दप्तरात ती परकी नव्हती.

छापखान्याने मोडीला सुरुवातीला जवळ केलं होतं. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरीने मोडीचे खिळे पाडून घेतले आणि त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये मोडीत छापला गेला. पण जी लिपी बोरू न उचलण्यासाठी जन्मली, तिला सुट्या खिळ्यांत तोडून बसवणं हा तिच्या स्वभावाविरुद्धचा व्यवहार होता. पुस्तकांसाठी बाळबोध देवनागरी पक्की झाली. मुंबईत निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी आणि त्यांचे अक्षर कोरणारे राणोजी रावजी आरू यांनी तिला जे देखणं रूप दिलं, त्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो. लाभ मोठा झाला. पण हाताची मराठी मोडीत आणि छापील मराठी देवनागरीत अशी फाळणी झाली, आणि मोडी शाळेतून गेल्यावर मराठी अक्षराचं जोडून लिहिलेलं, नाजूक अंग छापील जगाला वारशात मिळालंच नाही. सुलतानपेठेतल्या दुकानात मराठी स्क्रिप्ट फॉन्ट सापडत नाही, त्याचं कारण इतकं मागे जातं.

ही दरी बुजवायचे प्रयत्न झाले आहेत. र. कृ. जोशींनी जाहिरात, सुलेखन आणि संगणक या तिन्ही ठिकाणी भारतीय अक्षरासाठी आयुष्य वेचलं. विंडोजवरचा 'मंगल' फॉन्ट त्यांचाच. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या मिलाफातून 'मुक्तलिपी' आकाराला आणली. आणि रोजच्या वापरासाठी आज ज्याचं नाव पहिलं घ्यावं तो 'कलम'. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट, देवनागरीची बाजू लिपी रावल यांनी आणि रोमन बाजू जॉनी पिनहॉर्न यांनी केलेली. बॉलपेनने किंवा बारीक स्केचपेनने लिहिल्यासारखी रेघ, स्पष्ट कल, तीन जाड्या. अलंकारिक म्हणावा असा तो नाही, आणि तेच त्याचं बळ. एका देवनागरी फॉन्टात किती चित्रं काढावी लागतात याची कल्पना त्यावरून येते: त्यात एक हजारावर अक्षररूपं आहेत. इंग्रजी स्क्रिप्ट फॉन्टचं काम दोनअडीचशे रूपांत भागतं. आपल्याकडे प्रत्येक अर्धं अक्षर, प्रत्येक जोडाक्षर, वेलांटीच्या निरनिराळ्या रुंदी, हे सारं वेगळं काढावं लागतं. बारीक रेषेत तर चूक झाकली जात नाही. जाड अक्षरात सांधा थोडा चुकला तर खपून जातो, नाजूक अक्षरात तिथे ठिपका उमटतो.

हस्ताक्षरी फॉन्टची खरी परीक्षा 'मामा' या शब्दात होते. काका, दादा, बाबा, मामा: आपली नात्यांची नावं एकच अक्षर दोनदा येऊन बनतात. हाताने 'मामा' लिहिताना दुसरा 'मा' पहिल्यासारखा कधीच येत नाही; गाठ थोडी लहान होते, काना थोडा लांबतो. फॉन्टमध्ये दोन्ही 'मा' हुबेहूब एक आले की हाताचा भास त्या क्षणी संपतो. चांगल्या फॉन्टमध्ये यावर उपाय असतो. अक्षराची दोन-तीन रूपं आत ठेवलेली असतात आणि तेच अक्षर शेजारी पुन्हा आलं की फॉन्ट आपोआप दुसरं रूप उचलतो. इंग्रजीत हे आता सर्रास दिसतं. मराठीत अजून दुर्मीळ आहे. म्हणून नावाची ओळ जुळवताना निवडक अक्षरं हाताने थोडी बदलून घ्यायला जुळणाऱ्याला सांगावं. कोरलड्रॉमध्ये अक्षराची रेषा मोकळी करून काना जरा ताणणं हे काही मिनिटांचं काम आहे.

भाचीच्या पत्रिकेचं प्रूफ पाहताना मला या सगळ्याचा पडताळा आला. दुकान कुठलं ते सोडून देऊ. मालक कानडी, कामाला नेटके आणि बोलायला गोड. वधूवरांची नावं सोनेरी, सडपातळ अक्षरात छान उतरली होती. पण खालच्या ओळीत 'नवऱ्या मुलाकडे' हे शब्द होते आणि तिथे 'ऱ्या'चा डोळ्याच्या पापणीसारखा रकार नव्हता. त्याच्या जागी 'या'वर रफार चढला होता. 'नवर्या'. मी बोट ठेवलं तर मालक म्हणाले, "सर, इट इज सेम नो? हिंदीत असंच असतं." मराठी न वाचणाऱ्या माणसाला तो फरक कळणार तरी कसा? पण आपल्याकडे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' निमंत्रण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात गुरुजन येतात, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. त्या फॉन्टात पापणीचा रकार मुळात काढलेलाच नव्हता. ती ओळ शेवटी साध्या अक्षरात घेतली आणि पत्रिका अधिक चांगली दिसली.

तेव्हापासून मी फॉन्ट पाहताना 'अबकड' पाहत नाही. काही ठरावीक शब्द टाइप करायला सांगतो: श्री, ज्ञानेश्वर, दुसऱ्या, ऱ्हस्व, आशीर्वाद, सर्वांनी, कृपा, बाळ, ॲड., डॉक्टर. 'सर्वांनी' या एका शब्दात काना, रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात; लांब, डौलदार रफार असलेल्या फॉन्टात तो अनुस्वाराला धडकतो. 'आशीर्वाद'मध्ये वेलांटीचा झोक आणि पुढचा रफार एकमेकांत अडकतात का ते कळतं. 'बाळ' लिहिलं की 'ळ' काढलाय की दुसऱ्या फॉन्टातून उसना घेतलाय ते उघडं पडतं. 'ल' आणि 'श' यांचं वळणही पाहावं. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात: 'ल'ला उजवीकडे उभा दंड असलेलं. मराठी वळणाचा 'ल' दोन पाकळ्यांचा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यात मराठी वळणांनाच मान दिला आहे. चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, फक्त मजकुराची भाषा 'मराठी' निवडावी लागते. दुकानातला मुलगा ती निवडत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक तांत्रिक खड्डा आहे. आपण मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतो. दुकानात श्रीलिपीसारखी जुनी प्रणाली असेल तर तो मजकूर तसाच चिकटवता येत नाही, रूपांतर करावं लागतं किंवा पुन्हा टाइप करावा लागतो, आणि चुका शिरतात त्या याच टप्प्यावर. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' जुळणीचा पर्याय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि 'निमंत्रण' हा शब्द वाचण्याजोगा राहत नाही. नाजूक फॉन्टात ही चूक झटकन दिसत नाही, सगळ्याच रेघा वेलांटीसारख्या दिसतात म्हणून. प्रूफ म्हणून मोबाइलवरचं चित्र घेऊ नये. छापील कागद मागावा, आणि तो वाचायला घरातल्या ज्येष्ठ माणसाला द्यावा.

आता आकार आणि छपाई. रेघ बारीक असली की ती कागदावर टिकणार का, हा प्रश्न सौंदर्याच्या आधी येतो. छपाईवाल्यांचा जुना ठोकताळा असा की पांढऱ्यावर काळी रेघ पाव पॉइंटाहून बारीक नको, आणि गडद रंगावर पांढरी सोडायची असेल तर अर्ध्या पॉइंटाहून बारीक नको, कारण दोन्ही बाजूंची शाई पसरून तिला गिळते. बंगळुरूत हल्ली पसंतीचं असतं ते गर्द लाल किंवा मोरपंखी कागदावरचं सोनेरी फॉइल. फॉइल तापलेल्या ठशाने दाबून चढवतात. त्यात केसाएवढी रेघ एक तर तुटते, नाहीतर 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्यातल्या बारीक फटी सोन्याने भरून जातात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीचे धागे बारीक रेघ कातरतात. हातकागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर तर रेघ उंचवट्यावर उमटते आणि खोलगट भागात गायब होते. म्हणून नाजूक अक्षर मोठं घ्यावं. त्याचा नाजूकपणा रेषेत असतो. आकार लहान केला की तो नाजूक न राहता अशक्त होतो. बावीस-चोवीस पॉइंटांच्या खाली मी मराठी स्क्रिप्ट अक्षर घेऊ देणार नाही, आणि एका वेळी पाचसहा शब्दांपेक्षा जास्त नाही. मोबाइलवर पाठवायच्या पत्रिकेला हे आणखी कडक लागू आहे, तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि बारीक रेघ आधी राखाडी, मग नाहीशी होते.

बंगळुरूतल्या मराठी घराची पत्रिका पुष्कळदा तीन लिप्यांत असते: मराठी नातलगांसाठी देवनागरी, शेजाऱ्यांसाठी कानडी, ऑफिसातल्यांसाठी इंग्रजी. हा खरा कसोटीचा प्रसंग. इंग्रजी कॉपरप्लेटमध्ये जाडबारीकपणा टोकाचा. देवनागरीत तो बोरूच्या मापाचा. आणि कानडी अक्षर मुळात गोल. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरताना रेघेची जाडी सगळीकडे सारखीच येते, त्या घडणीतून ते वाढलं आहे. सारख्या जाडीची, गोल फिरणारी रेघ हेच कानडीचं अंगभूत लेणं, म्हणून नाजूक एकरेषी अक्षर कानडीला विनासायास शोभतं. डोक्यावरची छोटी तलेकट्टू एवढीच काय ती सजावट. तिन्ही लिप्यांना कॉपरप्लेटचा पोशाख चढवण्यापेक्षा तिघींना सारख्या जाडीच्या रेघेवर आणणं मला अधिक न्यायाचं वाटतं. इंग्रजीसाठीही एकरेषी हस्ताक्षर घ्यावं, मराठीला 'कलम'ची हलकी जाडी, आणि कानडीला तितक्याच वजनाचं अक्षर. ओळींतलं अंतर मात्र कानडीच्या मापाने ठेवावं. कानडीत जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली लोंबतो, ओत्तक्षर म्हणतात त्याला, आणि ओळी जवळ घेतल्या की तो खालच्या मराठी वेलांटीत घुसतो.

या शहरात अक्षरावर गंभीरपणे काम करणारी माणसं आहेत. वैष्णवी मूर्ती यांनी हुआन लुइस ब्लान्को यांच्यासह केलेला 'आकाया' कानडी, तेलुगू आणि रोमन तिन्हींत आहे. कलापी गज्जर आणि गुन्नार विल्हाल्मसन यांची 'युनिव्हर्सल थर्स्ट' ही फाउंड्री बंगळुरू आणि रेक्याविक अशा दोन गावांतून चालते. तीन लिप्या शेजारी नांदवायचा प्रश्न इथल्या रस्त्यावर रोज उभा असतो, त्यामुळे त्याचं उत्तरही इथून यावं हे साहजिक आहे.

पत्रिकेबाहेर नाजूक हस्ताक्षराच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका. दिवाळी अंकातल्या ललित लेखाचं शीर्षक. घरगुती लोणच्याच्या किंवा पुरणपोळीच्या डब्यावर करणारीचं नाव, फक्त नाव. त्यातले घटक आणि वापरायची मुदत नाही. कोरमंगला-इंदिरानगरच्या कॅफेंत भिंतीवर जळणारी निऑनची वाक्यं असतात, तिथेही एकरेषी हस्ताक्षर छान बसतं, कारण नळी एकाच जाडीची असते आणि तिला जाडबारीक करता येत नाही. कानडी वाक्य त्या नळीत सुरेख वळतं. मराठीत शिरोरेषेसाठी वेगळा तुकडा जोडावा लागतो. दुकानाच्या बाहेरच्या पाटीवर मात्र हे अक्षर नको. चालत्या बसमधून वाचायच्या पाटीला भरदार, सुटं अक्षर हवं. पत्ता, फोन नंबर, वेळ, औषधाची सूचना, शाळेची नोटीस, स्मशानाची माहिती, यांतलं काहीही स्क्रिप्टमध्ये लिहू नये. मुहूर्ताची वेळ नाजूक अक्षरात दिली आणि '४' चा '५' वाचला गेला तर पाहुणे अक्षता पडून गेल्यावर पोहोचतात.

फॉन्ट उतरवून घेताना परवाना वाचावा. 'फ्री' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ फॉन्टांसोबत फक्त खासगी वापराची मुभा असते; तुम्ही त्यावरून मसाल्याचं लेबल छापून विकलंत तर तो व्यापारी वापर झाला. 'कलम' खुल्या परवान्यावर आहे, छापा, विका, काहीही करा. ज्याने हजार अक्षरं एकेक करून काढली त्याचे पैसे बुडवून आपल्या घरचं मंगलकार्य साजरं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

राहिला मोडीचा प्रश्न. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. त्यासाठीचा प्रस्ताव अंशुमन पांडे यांनी मांडला होता. 'नोटो सान्स मोडी' हा फॉन्ट आज कुणालाही फुकट मिळतो. तो सरळ, नीट आणि अभ्यासाच्या कामाचा आहे, धावणारा नाही. धावती मोडी फॉन्टात आणायची तर प्रत्येक अक्षराची शब्दाच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची रूपं वेगळी काढावी लागतील, चढता काना शेजाऱ्याला कुठे मिळतो ते जोडीजोडीने ठरवावं लागेल, आणि वरची रेघ शब्दापुरती न ठेवता ओळीच्या टोकापर्यंत न्यावी लागेल. अरबी आणि उर्दूसाठी फॉन्टात हे सगळं केव्हाच साधलेलं आहे, त्यामुळे यंत्र अडणार नाही. नमुना म्हणून एक वळण निवडावं, माझ्या मते चिटणिशी, आणि एकाच लेखनिकाच्या हातची भरपूर पत्रं समोर ठेवून काम सुरू करावं. अनेक हातांची सरासरी काढली की कुणाचंच अक्षर उरत नाही.